कॅथेटरमुळे झालेली रक्ताची गुठळी: न्यूक्लिअर स्कॅन केव्हा लागतो?

डायलिसिससाठी मानेत किंवा छातीवर नळी बसवलेली असते, केमोथेरपीसाठी छातीत पोर्ट किंवा दंडात पिक लाइन असते, कुणी आयसीयूतून सेंट्रल लाइन घेऊनच वॉर्डात आलेला असतो. अशा रुग्णाचा त्याच बाजूचा हात सुजायला लागला, तर नळीभोवतीच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे का, हे पाहावे लागते. सातारा-सांगलीकडे यापुढचा प्रश्न ठरलेला असतो: तपासणी इथेच होईल, की पुण्या-कोल्हापूरला न्यावे लागेल? त्यात कुणी 'न्यूक्लिअर स्कॅन' असा शब्द उच्चारला, की घरातल्या निम्म्या लोकांना अणुबॉम्ब आठवतो आणि उरलेल्यांना खर्च.

आधी थोडक्यात उत्तर देतो. बहुतेक रुग्णांत ही गुठळी साध्या कलर डॉपलर सोनोग्राफीत सापडते आणि न्यूक्लिअर स्कॅनची गरज पडत नाही. मात्र काही ठराविक अडचणींत हाच स्कॅन सर्वांत उपयोगी ठरतो. गुठळीचा तुकडा फुफ्फुसात गेला आहे का हे पाहायचे आहे आणि सीटी स्कॅनचा डाय देता येत नाही, ही त्यातली सर्वांत महत्त्वाची अडचण. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो. गुठळीची शंका दाट असेल आणि रक्तस्रावाचा धोका कमी असेल, तर डॉक्टर रक्त पातळ करण्याचे औषध तपासणीच्या आधीच सुरू करू शकतात. स्कॅनची तारीख चार दिवसांनंतरची मिळाली म्हणून चार दिवस घरी बसून राहायचे नसते. 'तोपर्यंत काय करायचे?' हा प्रश्न डॉक्टरांना त्याच भेटीत विचारा.

नळीभोवती गुठळी का होते

शिरेतून रक्त विनाअडथळा वाहत असते तोवर ते गोठत नाही. त्यात नळी घातली की तीन गोष्टी एकदम बदलतात. शिरेच्या आतल्या अस्तराला नळी घासत राहते, नळीने जागा अडवल्यामुळे प्रवाह मंदावतो, आणि ज्या आजारासाठी नळी घातली तो आजारच पुष्कळदा रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवणारा असतो. कॅन्सर, मूत्रपिंडाचा आजार, मोठे ऑपरेशन, रक्तातला जंतुसंसर्ग ही त्याची नेहमीची उदाहरणे.

सगळ्या नळ्यांचा धोका सारखा नसतो. दंडातून घातलेली पिक लाइन लहान शिरेतून लांबवर जाते, त्यामुळे तिच्याभोवती गुठळी होण्याचे प्रमाण छातीतल्या पोर्टपेक्षा जास्त असते. जांघेतली नळीही जास्त त्रास देते. नळीचे टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत नीट पोहोचलेले नसेल, वरच अडकलेले असेल, तरी धोका वाढतो. म्हणून नळी घातल्यावर छातीचा एक्स-रे काढतात. तो एक्स-रे जपून ठेवा, पुढे त्याची गरज पडते.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. शरीर परक्या वस्तूभोवती प्रथिनांचे एक पातळ आवरण तयार करते. नळीच्या टोकावर असे आवरण आले, की सलाइन आत जाते पण रक्त मागे ओढता येत नाही. सिस्टर म्हणतात 'लाइन ब्लॉक झाली', आणि घरी निरोप पोहोचतो 'गुठळी झाली'. या दोन गोष्टी एक नाहीत. नळीच्या आत किंवा टोकावर झालेला अडथळा बऱ्याचदा नळीत विशिष्ट औषध भरून ठेवल्याने सुटतो. शिरेतली गुठळी मात्र महिनोन्महिने औषध घेऊन बरी करावी लागते. डायलिसिसच्या रुग्णांत तिसरी शक्यताही असते. आधीच्या नळ्यांमुळे शीर कायमची आकसलेली असते आणि हात त्यामुळे सुजतो. कॉलरबोनखालच्या शिरेत डायलिसिसची नळी घालणे शक्यतो टाळतात ते याच कारणाने, कारण ती शीर आकसली तर पुढे त्या हातातला फिस्टुला नीट चालत नाही.

कोणत्या खुणांवर लक्ष ठेवायचे

हात एकदम भोपळ्यासारखा सुजत नाही. आधी अंगठी घट्ट होते, बांगड्या निघत नाहीत, ब्लाउजची एकच बाही काचते. मनगटात किंवा दंडात जडपणा येतो. मान, खांदा किंवा कानामागे दुखते. छातीच्या वरच्या भागात निळसर शिरांचे जाळे दिसू लागते. हृदयाकडे जाणारी छातीतली मोठी शीर अडली असेल, तर सकाळी उठल्यावर चेहरा आणि डोळ्यांभोवतीचा भाग सुजलेला दिसतो आणि वाकल्यावर डोके भरून येते. आणि बऱ्याच रुग्णांत काहीच जाणवत नाही. दुसऱ्याच कारणाने केलेल्या सीटी स्कॅनमध्ये गुठळी सापडते.

आपल्या भागात हात दुखण्याला कारणे शोधावी लागत नाहीत. उसाच्या मोळ्या, द्राक्षाची छाटणी, धारा काढणे, काहीतरी झालेलेच असते. त्यामुळे 'हात अवघडला असेल' म्हणून तेल लावून चोळणे आणि गरम विटेने शेकणे आधी सुरू होते. नळी असलेल्या बाजूचा हात सुजला असेल तर चोळू नका, मालीश करू नका. त्या हातावर बीपी मोजायचे नाही आणि तिथून रक्तही काढू द्यायचे नाही. झोपताना हात उशीवर थोडा उंच ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

अचानक दम लागणे, श्वास घेताना छातीत टोचणे, खोकल्यातून रक्त पडणे, चक्कर येऊन पडणे, यांपैकी काहीही झाले तर १०८ ला फोन करा. तेव्हा कुठला स्कॅन करायचा याचा विचार घरी करत बसू नये. डायलिसिस सुरू झाल्यावर किंवा नळीतून औषध सोडल्यावर थंडी वाजून ताप येत असेल, तर नळीत जंतुसंसर्ग असू शकतो. तोही त्याच दिवशी दाखवायचा आजार आहे.

पहिली तपासणी कलर डॉपलर

डॉपलरमध्ये सोनोग्राफीचा प्रोब शिरेवर ठेवून हलकेच दाबतात. मोकळी शीर दाबल्यावर चपटी होते, गुठळी असलेली होत नाही. रक्ताचा प्रवाह रंगात दिसतो. किरणोत्सर्ग नाही, सुई नाही, डाय नाही, आणि आयसीयूतल्या रुग्णाच्या खाटेजवळही करता येते. यासाठी पुण्याला जायचे कारण नाही. मिरजेला १९६२ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, कऱ्हाडलाही मेडिकल कॉलेज आहे, आणि तालुक्याच्या गावातही आता डॉपलर करणारे रेडिओलॉजिस्ट भेटतात. चिठ्ठीवर 'हाताची, मानेची आणि कॉलरबोनजवळच्या शिरांची तपासणी, अमुक बाजूला नळी आहे' एवढे स्पष्ट लिहून घ्या. नुसते 'आर्म डॉपलर' लिहिले की कधीकधी मान पाहायची राहून जाते.

डॉपलरची मर्यादा हाडांची आहे. कॉलरबोनच्या मागे आणि छातीच्या मधल्या हाडाच्या आड सोनोग्राफीचे तरंग पोहोचत नाहीत, आणि कॅथेटरची गुठळी नेमकी तिथेच असू शकते. हात सुजलेला आहे, डॉपलर नॉर्मल आहे आणि शंका कायम आहे, अशा वेळी डाय देऊन शिरांचा सीटी स्कॅन करतात. काही ठिकाणी एमआरआय करतात, किंवा कॅथलॅबमध्ये थेट शिरेत डाय सोडून चित्र घेतात.

'किडनीच्या पेशंटला डाय चालत नाही' हे वाक्य अर्धेच खरे आहे. ज्यांची लघवी जवळजवळ बंद झाली आहे आणि जे नियमित डायलिसिसवर आहेत, त्यांना आयोडीनचा डाय गरजेप्रमाणे देता येतो. काळजी घ्यावी लागते ती क्रिएटिनिन वाढलेल्या पण अजून डायलिसिसवर नसलेल्या रुग्णाची, आणि डायलिसिस सुरू असूनही ज्यांना बऱ्यापैकी लघवी होते त्यांची. उरलेली किडनी वाचवायची असते. डायची तीव्र ॲलर्जी असलेल्यांचा प्रश्न वेगळा. न्यूक्लिअर स्कॅनचा विचार इथून सुरू होतो.

न्यूक्लिअर स्कॅन म्हणजे नेमके काय

एक्स-रे किंवा सीटीमध्ये यंत्र किरण सोडते आणि ते शरीरातून आरपार जातात. न्यूक्लिअर स्कॅनमध्ये उलट असते. किरण सोडणारे औषध अगदी थोड्या प्रमाणात शिरेतून देतात आणि बाहेरचा गामा कॅमेरा ते औषध कुठे गेले, कुठे अडले, कुठे पोहोचलेच नाही, याची नोंद घेतो. सीटी शरीराची रचना दाखवतो, हा स्कॅन काम कसे चालले आहे ते दाखवतो. या औषधात किडनीला त्रास देणारा डाय नसतो.

सर्वांत जास्त वापरले जाणारे द्रव्य म्हणजे टेक्निशियम-९९एम. दर ६ तासांनी त्याची ताकद निम्मी होते, म्हणजे २४ तासांनी सोळावा हिस्सा उरतो. इतक्या लवकर संपणारी वस्तू साठवून ठेवता येत नाही. त्यासाठी मॉलिब्डेनम-९९ भरलेला जनरेटर आणतात. मॉलिब्डेनमपासून टेक्निशियम सतत तयार होत राहते आणि तंत्रज्ञ रोज सकाळी ते जनरेटरमधून काढून घेतात. या कामाला जगभर 'धार काढणे' अशाच अर्थाचा शब्द आहे, आणि जनरेटरला गंमतीने गाय म्हणतात. ही गाय आठवड्याभरात आटते, कारण मॉलिब्डेनमची ताकद साधारण ६६ तासांत निम्मी होते. म्हणून काही केंद्रांत ठरावीक स्कॅन ठरावीक वारीच होतात. निघण्याआधी फोन करून वार विचारा.

ही विद्या महाराष्ट्रात नवी नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर मुंबईत परळला १९६३ पासून रुग्ण तपासत आहे. देशातल्या अशा विभागांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते आणि त्यांना परवाना घ्यावा लागतो.

हाताच्या आणि छातीच्या शिरांचा स्कॅन

याला रेडिओन्यूक्लाइड व्हेनोग्राफी म्हणतात. दोन्ही हातांच्या मागच्या बाजूच्या लहान शिरांत एकाच वेळी टेक्निशियम जोडलेल्या अल्ब्युमिन कणांचे इंजेक्शन देतात, आणि कॅमेरा छातीवर धरून लगेच एकामागून एक चित्रे घेतात. शीर मोकळी असेल तर काही सेकंदांत दंड, कॉलरबोनखालची शीर, छातीतली मोठी शीर आणि हृदय अशी सरळ रेघ दिसते. अडथळा असेल तर रेघ मध्येच थांबते आणि रक्ताने शोधलेले आडमार्ग मानेत, खांद्याभोवती, छातीच्या कातडीखाली उजळतात. मुख्य रस्ता बंद झाला की वाहने गल्लीबोळांतून निघतात, तसेच हे. छातीतली मोठी शीर पूर्ण अडली असेल तर रक्त पोटाच्या भिंतीतून फिरून यकृताच्या एका भागातून जाते आणि यकृतात एक ठळक ठिपका दिसतो. अनुभवी डॉक्टर त्यावरून अडथळ्याची जागा ओळखतात. हेच कण पुढे फुफ्फुसात जाऊन थांबतात, त्यामुळे त्याच इंजेक्शनवर फुफ्फुसाच्या रक्तप्रवाहाचाही फोटो निघतो.

पण या स्कॅनमध्ये गुठळी दिसत नाही, अडलेला प्रवाह दिसतो. शीर ताज्या गुठळीने अडली, जुन्या नळीमुळे आकसली की बाहेरून कॅन्सरच्या गाठीने दाबली, हे तो वेगळे करून सांगू शकत नाही. ताज्या गुठळीला जाऊन चिकटेल असे औषध बनवण्याचे प्रयत्न झाले. अमेरिकेत १९९८ मध्ये पायातल्या ताज्या गुठळीसाठी अशा एका टेक्निशियम औषधाला मान्यताही मिळाली होती, पण आज ते नेहमीच्या वापरात नाही. त्यामुळे नुसत्या हाताच्या गुठळीसाठी कुणी थेट न्यूक्लिअर स्कॅन लिहून दिला, तर 'आधी डॉपलर झाले का? सीटी का नको?' असे विचारायला संकोच करू नका. उत्तर असतेच, आणि ते ऐकून घेतल्याने प्रवास वाचू शकतो.

फुफ्फुसात गुठळी गेली आहे का: व्ही-क्यू स्कॅन

न्यूक्लिअर मेडिसिन खरोखर कामाला येते ते इथे. हातातल्या गुठळीचा तुकडा फुफ्फुसात जाण्याचे प्रमाण पायातल्या गुठळीपेक्षा कमी असते, पण शून्य नसते. दम लागला, ऑक्सिजन कमी झाला, तर बहुतेक ठिकाणी डाय देऊन फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन करतात. तो भराभर होतो, आणि अत्यवस्थ रुग्णासाठी तोच योग्य. डाय देता येत नसेल आणि रुग्ण स्थिर असेल, तर व्ही-क्यू स्कॅन करतात. काही गरोदर स्त्रियांतही तो निवडतात, कारण त्यात स्तनांना मिळणारा किरणोत्सर्ग सीटीपेक्षा बराच कमी असतो.

स्कॅनचे दोन भाग असतात. पहिल्यात मास्कमधून किंवा नळीतून औषधाचे बारीक तुषार श्वासात घ्यायचे. त्यावरून हवा फुफ्फुसात कुठे कुठे पोहोचते ते कळते. दुसऱ्यात झोपवून शिरेत अल्ब्युमिनच्या कणांचे इंजेक्शन देतात. हे कण फुफ्फुसातल्या हजारांत एकापेक्षाही कमी केशवाहिन्यांत अडकतात आणि काही तासांत विरघळतात, त्यामुळे श्वासाला त्रास होत नाही. फुफ्फुसातला रक्तदाब खूप वाढलेला असेल किंवा हृदयाला छिद्र असेल तर कणांची संख्या कमी ठेवतात, म्हणून ही माहिती आधीच द्या. इंजेक्शन शक्यतो कॅथेटरमधून न देता चांगल्या हाताच्या शिरेतून देतात, कारण कण नळीत चिकटून राहू शकतात. सगळे मिळून तासाभराचे काम. यंत्र बंदिस्त नसते, आवाज नसतो. पाठीवर उताणे पडून राहता येत नसेल तर आधी सांगा.

एखाद्या भागात हवा पोहोचते पण रक्त पोहोचत नाही, तर तिथली रक्तवाहिनी गुठळीने अडली असण्याची शक्यता मोठी. दोन्ही पोहोचत नसतील, तर कारण बहुधा फुफ्फुसाच्या जुन्या आजारात असते. जुना टीबी झालेल्या, दम्याच्या किंवा वर्षानुवर्षे चुलीचा धूर सोसलेल्या फुफ्फुसात असे डाग पुष्कळ दिसतात आणि मग अहवाल अवघड होतो. म्हणूनच एक-दोन दिवसांतला छातीचा एक्स-रे सोबत लागतो.

अहवालाची भाषा घरच्यांना बुचकळ्यात टाकते. 'नॉर्मल' आला तर फुफ्फुसात महत्त्वाची गुठळी नाही असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. 'हाय प्रोबॅबिलिटी' आला आणि लक्षणेही तशीच असतील तर उपचार ठरतात. मधला कुठलाही शब्द, 'लो', 'इंटरमीडिएट' किंवा 'नॉन-डायग्नोस्टिक', याचा अर्थ 'थोडीशी गुठळी आहे' असा होत नाही. या स्कॅनने प्रश्न सुटला नाही, एवढाच त्याचा अर्थ. मग पायांचे आणि हातांचे डॉपलर, रक्त तपासण्या आणि रुग्णाची एकूण अवस्था पाहून डॉक्टर ठरवतात.

या स्कॅनची आणखी एक जागा आहे आणि ती बहुतेकांना माहीत नसते. फुफ्फुसातल्या गुठळीवर तीन महिने नीट औषध घेऊनही जिना चढताना दम लागतच असेल, तर गुठळी विरघळली नसून रक्तवाहिनीच्या भिंतीत मुरली असण्याची शक्यता असते. हा आजार शोधण्यासाठी व्ही-क्यू स्कॅन हीच पसंतीची पहिली तपासणी आहे. 'वय झाले, अशक्तपणा असेल' म्हणून तो दम सोडून देऊ नका. यावर ऑपरेशनसह वेगळे उपचार आहेत.

ताप असेल तर पेट-सीटी

गुठळीत जंतू शिरले की ताप येत राहतो आणि अँटिबायोटिक चालू असूनही उतरत नाही. इथे पहिली तपासणी रक्ताच्या कल्चरची. एक नमुना नळीतून, एक दुसऱ्या हातातून, आणि दोन्ही शक्यतो अँटिबायोटिकच्या आधी. घरात उरलेल्या गोळ्या तापासाठी सुरू करू नका असे मी सांगतो ते याचसाठी. एका डोसनेही कल्चर कोरे येऊ शकते.

सोनोग्राफी, इको, सीटी करूनही जंतुसंसर्गाची जागा सापडत नसेल तर पेट-सीटीचा विचार होतो. यात साखरेसारखे एफडीजी नावाचे द्रव्य देतात. सूज, जंतुसंसर्ग किंवा कॅन्सर जिथे असेल तिथल्या पेशी साखर जास्त खेचतात आणि तो भाग चमकतो. साध्या गुठळीपेक्षा जंतू भरलेली गुठळी सहसा जास्त चमकते. पण ही तपासणी महाग आहे आणि फक्त 'गुठळी आहे का' हे विचारण्यासाठी ती करत नाहीत.

कॅन्सरच्या रुग्णांत मात्र पेट-सीटी आधीपासूनच ठरलेला असतो, आणि तिथे कॅथेटर वेगळाच घोटाळा करतो. औषध पोर्टमधून दिले तर त्याचा काही अंश पोर्टच्या डबीत आणि नळीच्या टोकाला राहतो आणि तिथे चमक दिसते. कधी इंजेक्शनच्या वेळी तयार झालेली सूक्ष्म गुठळी औषध घेऊन फुफ्फुसात जाते. मग अहवालात फुफ्फुसात एक ठळक चमकणारा ठिपका येतो, पण त्याच जागी सीटीच्या चित्रात गाठ दिसत नाही. 'कॅन्सर फुफ्फुसात पसरला' असे समजून घरात रडारड होण्याआधी रेडिओलॉजिस्टना किंवा न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांना एवढेच विचारा: त्या जागी सीटीत काही दिसते का? इंजेक्शन कुठून दिले होते? नोंदणी करतानाच पोर्ट किंवा पिक लाइन असल्याचे सांगितले, तर शक्य असेल तेव्हा दुसऱ्या हाताच्या शिरेतून औषध देतात.

एफडीजीमधल्या फ्लोरिनची ताकद ११० मिनिटांत निम्मी होते. डोस ठरलेल्या वेळेसाठी मागवलेला असतो. जत, आटपाडी किंवा म्हसवडहून निघणाऱ्यांनी पहाटेची एसटी चुकली तर काय, हे आधी ठरवावे. शक्यतो आदल्या रात्री मुक्कामाला जावे. साधारण ४ ते ६ तास उपाशी राहावे लागते, पाणी चालते. मधुमेह असेल तर इन्सुलिन आणि गोळ्यांचे वेळापत्रक केंद्राला विचारून ठरवा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. साखर २०० च्या वर असेल तर स्कॅन पुढे ढकलू शकतात.

जाताना काय न्यायचे, काय विचारायचे

नळी कोणत्या प्रकारची, कोणत्या बाजूला, कधी बसवली, हे एका कागदावर लिहून न्या. आधीचे डॉपलर, सीटी आणि एक्स-रे यांच्या फिल्म किंवा सीडी, नुसते अहवाल नव्हेत. अलीकडचे क्रिएटिनिन. रक्त पातळ करणाऱ्या औषधाचे नाव आणि शेवटचा डोस किती वाजता घेतला. हे औषध स्कॅनसाठी सहसा थांबवावे लागत नाही. गरोदर असण्याची शक्यता असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर ते सर्वांत आधी सांगा. फुफ्फुसाच्या स्कॅननंतर साधारण १२ तास अंगावरचे दूध देऊ नये असे सांगतात. तेवढे दूध आधी काढून ठेवता येते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार चालू असतील, तर ही तपासणी पॅकेजमध्ये बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला निघण्यापूर्वी विचारा. परत आल्यावर विचारून उपयोग होत नाही.

व्ही-क्यू स्कॅनमध्ये साधारण २ मिलिसिव्हर्टच्या आसपास किरणोत्सर्ग मिळतो. जमीन, हवा, अन्न यांतून माणसाला वर्षभरात जगभराच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतो. पेट-सीटीत यापेक्षा बराच जास्त मिळतो, म्हणून तो कारणाशिवाय पुन्हा पुन्हा करत नाहीत.

निदान झाल्यावर नळीचे काय

नातेवाइकांचा पहिला आग्रह असतो, 'ती नळी आधी काढा.' नळी चालू आहे, गरजेची आहे आणि जंतुसंसर्ग नाही, तर ती ठेवूनच उपचार करतात. काढून दुसऱ्या बाजूला नवी घातली तर त्या बाजूच्या शिरेलाही तोच धोका. औषध किमान तीन महिने, आणि नळी आत असेपर्यंत चालू ठेवतात. जंतुसंसर्ग झालेली, बंद पडलेली किंवा आता गरज नसलेली नळी काढतात, पण केव्हा काढायची ते डॉक्टर ठरवतात. घरी कुणीही ती ओढू नये, कात्री लावू नये.

कोणते औषध, हे किडनीवर ठरते. किडनी चांगली असेल तर पोटात घ्यायची हेपरिनची इंजेक्शने किंवा नव्या गोळ्या देता येतात. डायलिसिसच्या रुग्णात काही इंजेक्शने शरीरात साचतात, म्हणून निवड वेगळी होते. वॉरफरिन किंवा असिनोकुमारॉल चालू असेल तर आयएनआर ठरल्या तारखेला तपासा, आणि मेथी, पालक, शेपू पूर्ण बंद न करता रोजच्याइतकेच खा. एकदम वाढवले किंवा एकदम सोडले की आयएनआर हलतो. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन मेडिकलमधून परस्पर आणू नका. काळी शौचास झाली, लघवीतून रक्त गेले किंवा डोक्याला मार लागला तर लगेच रुग्णालयात जा.

न्यूक्लिअर स्कॅननंतर 'भरपूर पाणी प्या' असा सल्ला छापील कागदावर असतो. तो डायलिसिसच्या रुग्णासाठी नाही. त्यांनी आपली रोजची पाण्याची मर्यादा पाळावी, टेक्निशियम एक-दोन दिवसांत आपोआप संपते. त्या दिवशी लहान मुलांना आणि गरोदर सुनेला फार वेळ जवळ घेऊन बसू नये. जेवण, झोप, घरातला वावर नेहमीसारखाच ठेवावा. दुसऱ्या दिवशी डायलिसिस असेल तर ते चुकवू नका. काल न्यूक्लिअर स्कॅन झाला आहे, एवढे तिथल्या तंत्रज्ञाला सांगा आणि स्कॅनचा कागद सोबत ठेवा.